तीन वर्षांनी थोरले अण्णा

आमच्या घरात एक गोष्ट फार चालायची. पाहुणे जेवून हात धुऊन बसले की कुणीतरी म्हणायचंच, "हवालदार, ती भरतीची सांगा की." मग अण्णा, म्हणजे माझे वडील, उठून उभे राहायचे. ती गोष्ट त्यांना बसून सांगता येत नसे.

महायुद्धाची भरती दुधनीच्या बाजारात आली तेव्हा अण्णा पंधरा वर्षांचे होते. फौजेला अठराचा गडी हवा होता. वजन भरावं म्हणून त्यांच्या आईनं सकाळी त्यांना पोटभर केळी चारली आणि वर तांब्याभर पाणी पाजलं. रांगेत ते टाचा उचलून उभे राहिले. जमादारानं वय विचारलं, हे म्हणाले अठरा. जमादारानं यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, मिसरूड शोधलं, ते काही सापडलं नाही, तेव्हा हसला आणि अठरा लिहून मोकळा झाला. इथं अण्णा टाचा उचलून पोट फुगवायचे आणि आम्ही तिघी बहिणी दर वेळी नव्यानं हसायचो.

दुसरी एक गोष्ट होती, ती मात्र ते सांगत नसत. इटलीच्या डोंगरात बर्फानं त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट नेलं. त्या रात्री त्यांना टेकून बसलेला सोबती सकाळी उठलाच नाही. हे मी एकदाच ऐकलं, तेही ते आईला सांगत होते म्हणून. पुढं फौजेनं त्यांना गोदामावर बसवलं. दहाएक वर्षांनी थोडे पैसे हातावर ठेवून घरी पाठवलं. पेन्शन काही नाही.

मग काही वर्षं गावी काढून ते सोलापुरात आले. नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि एका सरकारी कचेरीत गोदाम सांभाळायला लागले. तिथं वयासाठी गावच्या शाळेचा दाखला मागितला. मास्तरांनी खरी तारीख लिहिली होती, अण्णांनी तीच दिली. फौजेशी खोटं बोलले होते, कचेरीशी खरं बोलले, आणि या दोघांची कधी गाठ पडेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आणीबाणी उठल्यानंतर केव्हातरी कचेरीत एक हुकूम आला. आधी फौजेत असलेल्यांची ती वर्षं पेन्शनसाठी धरणार होते. फौजेतून मिळालेले पैसे परत भरायचे आणि मुदतीच्या आत अर्ज द्यायचा. मुदत गेली की हक्क गेला, कायमचा. आमच्याच गल्लीत राहणारे हेडक्लार्क ही बातमी सांगायला मुद्दाम घरी आले. आईनं त्यांच्या हातावर साखर ठेवली. अण्णा उशिरा नोकरीला लागलेले, त्यामुळे पेन्शन अगदीच तुटपुंजी बसणार होती. ती वर्षं धरली असती तर म्हातारपणाची चिंताच मिटली असती.

आठवड्यानं हेडक्लार्क पुन्हा आले. या खेपेला त्यांनी चहाला हात लावला नाही.

"अर्ज गेला की फौजेकडून तुमचा सगळा रेकॉर्ड येणार," ते म्हणाले. "त्यात जन्मतारीख आलीच. तिथं तुम्ही तीन वर्षांनी थोरले आहात. तीच तारीख धरली तर पुढच्या वर्षीच घरी बसाल. नवे साहेब तारखांच्या बाबतीत फार कडक आहेत. एकाला पाठवलंय त्यांनी घरी."

"मग फौजेलाच खरं कळवू की," आई म्हणाली.

"वहिनी, मग भरतीच खोटी ठरते. ती वर्षंही हातची जातात."

सरकारच्या दफ्तरात माझे वडील दोन होते, एक फौजेतला आणि एक कचेरीतला. एकाला पुढं आणलं तर दुसऱ्याची नोकरी जात होती. मला त्या हसऱ्या जमादाराचा असा राग आला की तो समोर असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मी बी.एड. करून मास्तरीण व्हायचं, हे अण्णांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. धाकट्या दोघी शाळेत होत्या. घरात रोज तोच विषय निघायचा.

"अर्ज द्या," आई म्हणायची. "पोरींचं व्हईल कसंबी. तुमच्या मागं मला कोण हाय?"

"पोरी शिकल्या की त्याच हायेत की तुला."

"त्या लगीन करून जातील. मी कुटं जाऊ?"

आईचं चुकत नव्हतं. अण्णांचंही चुकत नव्हतं. एकदा मीच म्हणाले, मी कॉलेज सोडते, कुठंतरी नोकरी बघते, तुम्ही अर्ज द्या. अण्णा माझ्यावर कधी ओरडले नव्हते, ते त्या दिवशी ओरडले. "गप बस! तुला विचारलंय का कुणी?" आई चुलीकडे वळली. माझ्या शिक्षणापायी आईचं म्हातारपण जातंय, हे मला धडधडीत दिसत होतं आणि ते मला सहन होत नव्हतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी अण्णा रोजच्या वेळेला घरी आले, पाय धुतले, चहा मागितला.

"दिला का अर्ज?" आईनं विचारलं.

"न्हाय." कप खाली ठेवून ते म्हणाले, "आणि ती भरतीची गोष्ट आता कुणाला सांगायची न्हाय. मी फौजेत होतो, हेच बोलायचं न्हाय. साहेबांनी फौजेकडनं तारीख मागवली तर नोकरी गेली."

वर्दीतला त्यांचा फोटो त्यांनी स्वतः भिंतीवरून काढून ट्रंकेत घातला आणि त्या जागी कॅलेंडर टांगलं. हेडक्लार्कनी कचेरीत सगळ्यांना गुपचूप बजावलं आणि अण्णांना हवालदार म्हणणं तिथं बंद झालं. आई बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला खरी पंचाईत झाली. दर वर्षी अण्णा फौजेचा पट्टा आणि पदकं घासूनपुसून पाटावर मांडायचे आणि आई त्यांना हळदकुंकू वाहायची. या वर्षी ट्रंक उघडलीच नाही. पाटावर विळी आणि कात्री होती. अण्णांनी खिशातून गोदामाच्या किल्ल्या काढून पाटावर ठेवल्या. आईनं किल्ल्यांना कुंकू लावलं आणि डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी, नवे साहेब हेडक्लार्कना घेऊन सोनं द्यायला आमच्या घरी आले. माणूस वाईट नव्हता. आपट्याची पानं देऊन ते अण्णांच्या पाया पडले, वयानं मोठे म्हणून. अण्णांनी दोन्ही हातांनी त्यांना उठवलं, आणि तेव्हा तो डावा हात साहेबांना जवळून दिसला.

"बोटांना काय झालं हो?"

आई चहा घेऊन दारातच थबकली. हेडक्लार्क कॅलेंडरकडे बघायला लागले. मला वाटलं, आता अण्णा सांगतील. निदान बर्फाचं तरी सांगतील. त्या सोबत्याबद्दल तरी खोटं बोलणार नाहीत.

"गिरणीत गेली, साहेब," अण्णा म्हणाले. "तरणा होतो तवा."

"अरेरे! मग भरपाई काही मिळाली की नाही?"

अण्णांनी तो हात धोतराच्या घोळात घेतला.

"न्हाय, साहेब. म्या अर्जच केला न्हाय."