सुंदराक्कांचं न जळालेलं घर

सुंदराक्का कोणालाही 'काय आहे' असं विचारत नसत, 'काय नाही' ते विचारत. काटेवाडीची माळीण वांग्यांची पाटी उतरवून वांग्यांचे गुण गाऊ लागली, की अक्का पाटीकडे न बघता म्हणायच्या, "ते ऱ्हाऊ दे. खालच्या थरात काय न्हाय ते सांग." एकदा त्यांच्या पुतणीसाठी कोऱ्हाळ्याचे एक गृहस्थ स्थळ घेऊन आले. बारमाही विहीर, बैलजोड्या, उसाचा मळा, सगळं सांगून झालं. अक्कांनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि शांतपणे विचारलं, "आन् पोरात काय न्हाय?" गृहस्थांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग ते म्हणाले, "उजव्या कानानं ऐकू येत न्हाय." मी शेजारच्या पाटावर जेवत होतो. मला वाटलं, संपली सोयरीक. पण अक्का म्हणाल्या, "कळलं ते बरं झालं. आमची पोरगी डाव्या अंगाला बसंल," आणि गूळ आणायला आत गेल्या. मी चाट पडलो. त्या पोरीचं लग्न तिथंच झालं आणि संसारही बरा झाला.

अक्कांची बारामतीत साळी आळीत खानावळ होती. नवरा कॅनॉलवर मुकादम होता, तो तरुणपणीच गेला. पोरबाळ नाही. माहेर इंदापूरकडचं वरकुटे, पण तिथं परत जायचं त्यांनी साफ नाकारलं आणि भाकऱ्या थापून थापून एक घर उभं केलं. पुढं जेवणाची पडवी, मागं दोन खोल्या, वर कौलं आणि सागवानी तुळया. त्या तुळयांचा त्यांना भारी अभिमान. जेवणारा नवा असला, की आधी वर बघायला लावायच्या, मग ताट वाढायच्या. दौंडची छोटी गाडी आली, की वकिलांकडे आलेले पक्षकार, कॅनॉलचे कारकून, गुळाचे दलाल सगळे तिथं जेवायला येत. दोन्ही वेळा तिथंच जेवणाऱ्यांत मी एक.

मी तेव्हा मुंबईच्या एका कंपनीचा आगीच्या विम्याचा एजंट होतो. बारामती ते इंदापूर हा माझा मुलूख. धंदा म्हणाल तर हसू येईल. लोकांना माणसाचा विमा माहीत झाला होता, पण घराचा विमा म्हटलं, की ते माझ्याकडे असं बघत, जणू मीच काडी घेऊन आलोय. इंदापूरच्या एका आडत्यानं मोठ्या मनानं पॉलिसी घेतली आणि तो कागद देवघरात लावून रोज त्याला हळदकुंकू वाहू लागला. आता आग आपल्या वाटेला जायचीच नाही, अशी त्याची खात्री. मी त्याला समजावायचा नाद सोडला.

एक दिवस ताक वाढता वाढता अक्का म्हणाल्या, "सदा, त्या तुझ्या इम्याचं सांग बरं." मी वाटी खाली ठेवली. इतकी वर्षं त्यांच्याकडे जेवत होतो, पण हा विषय काढायची माझी छाती झाली नव्हती. मी पोपटासारखा सुरू झालो. घराचा विमा वेगळा, घरातल्या सामानाचा वेगळा. भिंती, छप्पर, दारं-खिडक्या जळाल्या तर पहिल्यातून भरपाई. भांडी, धान्य, पाट, अंथरूण-पांघरूण जळालं तर दुसऱ्यातून.

"ते कळलं. आता काय न्हाय ते सांग."

सांगू लागलो. दागिने आणि रोकड धरत नाहीत. परक्याचं सामान तुमच्याकडे ठेवलेलं असेल तर त्याचं मिळत नाही. चोरीचं नाही. पावसानं भिंत खचली तर नाही. अक्का मान हलवत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आग लागली म्हणून भांडी रस्त्यावर काढली, आन् तिथनं कुणी उचलली तर?" मी म्हटलं, ती चोरी झाली, मिळणार नाही. अक्कांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. "आन् शेजार पेटला, आन् आग अडवाया लोकांनी माझं घर पाडलं तर?"

हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. पण आमच्या भागात रीत तीच होती. बंब होता तो पुण्याला. आळीत आग लागली, की वारा बघायचा आणि आगीच्या पुढ्यातलं एक घर पाडून मोकळी जागा करायची. आमच्या कंपनीचा तपासनीस घर बघायला आला, तेव्हा मी अक्कांसमोरच त्याला विचारलं. तो टाय लावून पाटावर कसाबसा बसला होता. तो म्हणाला, "घर आगीनं जळालं तर कंपनी पैसे देईल. बाईंनी होकार देऊन पाडू दिलं, तर ते आगीनं गेलं नाही, बाईंनी घालवलं."

"म्हंजे हात बांधून बघत बसलं तर मिळंल, आन् हात हलवला तर न्हाय," अक्का म्हणाल्या.

"तसंच म्हणा."

मला वाटलं, आता ह्या तपासनिसाला पाटासकट उचलून बाहेर ठेवतील. अक्का म्हणाल्या, "बरं. लिही." घराचा आणि सामानाचा, दोन्ही विमे त्यांनी घेतले. आळीत बातमी पसरायला संध्याकाळही लागली नाही. त्यानंतर कोणी ताट आपटलं तरी शेजारी बसलेला म्हणायचा, आपटा की, अक्कांचा इमा हाय.

पुढं दोन-एक वर्षांनी, चैत्रात, भर दुपारी, आळीच्या पश्चिम टोकाला एका कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. कसा घेतला ते शेवटपर्यंत कळलं नाही. वारं पश्चिमेचंच होतं. आम्ही पाच-सहा जण जेवायला बसलो होतो. आरडाओरडा ऐकून बाहेर आलो तर कडेची घरं पेटलेली आणि ठिणग्या आमच्या डोक्यावरून चाललेल्या. साळी आळीतली घरं म्हणजे एकाचं आढं दुसऱ्याच्या भिंतीत. कऱ्हा नदीत पाणी नाही, आळीच्या आडाला तळ दिसत होता. माणसं आणि गुरं बाहेर काढता आली. पण कापड विणायचे माग कसे काढणार? साळ्यांचे माग जमिनीत खड्डा करून बसवलेले असतात. ते काही खाटेसारखे उचलता येत नाहीत. मागावर चढवलेलं सूतही बहुतेकांचं व्यापाऱ्याचं. माग गेला, की त्या घराचं पोट गेलं.

आळीतले जाणते लोक वारा बघत पुढं आले आणि अक्कांच्या घरासमोर थांबले. घर बरोब्बर मध्ये होतं. पलीकडे आळीतले निम्म्याहून जास्त माग. सगळ्यात पुढं नरहरी साळी, अक्कांचा लगतचा शेजारी, हातात पहार घेऊन. मला वाटलं, आता हा हात जोडेल, गयावया करील. तर तो चक्क हसला. "अक्का, तुमचं पाडतो," तो म्हणाला. "तुमचा तर इमा हाय. तुमचं काय जातंय? कंपनी नवं बांधून देती." मागचे सगळे म्हणाले, व्हय व्हय, अक्कांचं काय जातंय.

मी पुढं होऊन ओरडलो, "अरे थांबा, ह्यांचा विमा..." आणि अक्कांनी माझा दंड धरला. भाकरी थापणाऱ्या बाईचा हात तो, मी जागच्या जागी थांबलो. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गप बस सदा. अर्ध्या जेवणावरनं उठलायस, पित्त चढलंय तुझं." मग नरहरीला म्हणाल्या, "व्हय बाबा, इमा हाय. बघतोस काय? आधी कौलं काढ, मग तुळयांला दोर लाव."

त्यांना वेळ काढणं एवढंच करायचं होतं. नको म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं 'थांबा, भांडी काढते' म्हणत वेळ घालवला असता तरी आग दारात आली असती, घर जळालं असतं आणि मी स्वतः त्यांच्या हातात पैसे आणून ठेवले असते. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. त्या गर्दीत तिसऱ्या कोणालाही नव्हतं. मी त्या बाईकडे बघतच राहिलो. त्या पदर खोचून भाताचं पातेलं बाहेर काढत होत्या आणि पोरांना कौलांपासून लांब व्हायला सांगत होत्या.

लोकांनी घर पाडलं. हसत पाडलं, हे मला आजही सहन होत नाही. दुसऱ्याचं पाडताना माणूस जरा तरी कचरतो. इथं कंपनीचं पाडत होते. तुळया दोर लावून ओढल्या, वासे फरफटत लांब नेऊन टाकले. आग त्या मोकळ्या जागेपर्यंत आली, धुमसली आणि ओल्या गोणपाटांनी झोडपून लोकांनी ती विझवली. पलीकडचा एकही माग गेला नाही. रस्त्यावर काढलेल्या भांड्यांपैकी पितळेची मोठी पातेली त्या गोंधळात कोणीतरी उचलली. अक्का उरलेला भात आळीतल्या पोरांना वाढत होत्या.

मी तरीही मुंबईला पत्र लिहिलं. उत्तर आलं, सहानुभूती आहे, पण घर जळालेलं नाही. मी ते वाचून दाखवलं, तर अक्का माझ्यावरच उखडल्या. "तुला ठाऊक व्हतं, मला ठाऊक व्हतं. मग टपालाला पैसे कशाला घातलंस?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी हाय तंवर ह्यातलं कुणापाशी बोलायचं न्हाय. बोललास तर माझ्याकडं जेवायला यायचं न्हाय." शेवटची धमकी खरी होती. मी बोललो नाही.

घराच्या जागेवर त्यांनी उसाच्या पाचटाचं खोपट घातलं आणि त्यातच चूल मांडली. तुळया विकाव्या लागल्या. आळीत लोक म्हणू लागले, कंपनीनं पैशाची रास ओतली, पण म्हातारी चिक्कू, पुरून ठेवलेत आणि खोपटात राहते. महिन्याचे पैसे थकवणारे म्हणत, अक्कांना काय कमी आहे. खुद्द नरहरी एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "अक्का, आता तरी बांधा की घर. पैका काय वर न्यायचाय?" माझं डोकं भणाणलं. अक्का म्हणाल्या, "बांधू की. घाई काय हाय?" आणि त्याला आमटी वाढली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, झोंबत नाही का हे?"

"झोंबतंय तर काय. मी काय दगड हाय?" त्यांनी चुलीत फुंकर घातली. "हसत्यात, टोमणं मारत्यात, उधारीवर जेवत्यात. पर येत्यात नव्हं?" मला त्या वेळी ह्याचा अर्थ नीटसा कळला नाही. मला वाटलं, खानावळ चालते एवढंच त्या म्हणतायत.

काही वर्षांनी आषाढात त्यांना ताप भरला आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. आळीतल्या लोकांनी आपल्या माणसाचं करावं तसं सगळं केलं. खांदा द्यायला तर झुंबड उडाली होती. कोऱ्हाळ्याहून पुतणी आणि तिचा नवरा आले, तेरावाही आळीनंच वर्गणी काढून घातला.

त्यानंतर दोन दिवसांनी मी इंदापूरहून परतलो आणि सवयीनं पाय खोपटाकडे वळले. आत पाऊल टाकलं आणि मी हबकलो. चूल मोडून बाजूला टाकली होती. जमीन ठिकठिकाणी उकरली होती. आळीतली सात-आठ माणसं, घामानं निथळलेली, कुदळी घेऊन खणत होती. पुतणी कोपऱ्यात उभी होती. त्यांची नियत वाईट नव्हती, हेच तर भयंकर. अक्कांचा पुरलेला पैसा पोरीला मिळावा, म्हणून बिचारे सकाळपासून राबत होते. नरहरी कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता. मला बघून त्यानं कपाळ पुसलं. "बरं झालं आलासा, सदूभाऊ. कंपनीनं किती दिलं व्हतं वो? म्हंजे हंडा केवढा असंल त्याचा अंदाज येईल."

माझं तोंड आता मोकळं होतं. मी म्हणालो, "काही दिलं नाही."

"म्हंजे?"

"कंपनीनं एक पै दिली नाही. घर जळालं तर पैसे मिळायचे. पाडलं तर नाही. अक्कांना हे पॉलिसी घेतली तेव्हाच माहीत होतं. तुम्ही पहार घेऊन दारात उभे राहिलात तेव्हाही माहीत होतं."

कुदळी थांबल्या. बाहेर कोणाच्या तरी मागाचा खटखट आवाज येत होता. मागून एक म्हातारा तक्रारीच्या सुरात म्हणाला, "मग तिनं सांगितलं का न्हाय आमास्नी?"

मला राग अनावर झाला. "सांगितलं असतं तर पाडलं नसतं का तुम्ही?"

नरहरी खड्ड्यातून वर आला आणि त्यानं कुदळ कुडाला टेकवून ठेवली. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"पाडलंच असतं," तो म्हणाला. "माझा माग जळाया लागला असता, तर मी अक्काला धरून बाजूला सारली असती आन् पाडलं असतं. खोटं कशाला बोलू? पर मग हितं भाकर खायाला आलो नसतो, सदूभाऊ. रस्त्यात दिसली असती तरी दुसऱ्या बोळानं गेलो असतो. मरस्तवर."

एवढं बोलून तो उकिडवा बसला आणि उकरलेली माती हातांनी खड्ड्यात लोटू लागला. मग बाकीचेही बसले.