खाडीत गेलेली चावी

जगात कुठलीच वस्तू बिघडत नसते, ती फक्त माझ्या मामाच्या हाताची वाट बघत असते, असं मामाचं ठाम मत आहे. आणि मामाचा हात लागल्यावर आणखी बिघडली नाही अशी एकही वस्तू मी पाहिलेली नाही. आईचा हा भाऊ मालवणजवळ खाडीकाठी राहतो. घरात काहीही कुरकुरलं की याचा एकच उपाय, खोबरेल तेल. एकदा पंख्याला एवढं पाजलं की पाहुणे जेवायला बसल्यावर त्या पंख्यानेच सगळ्या पंगतीला तेल वाढलं. पाहुणे उठले, तर हा म्हणाला, "कंपनीन पंखो उलटो फिरवल्यान." दोष नेहमी कंपनीचा.

गाडीच्या चावीच्या कुलपातही त्याने वर्षानुवर्षं तेच तेल ओतलं. खारा वारा आणि धूळ मिळून आत लाडू वळला गेला आणि चावी फिरेना. तशात रेडीहून निरोप आला, मामीची आई अंथरुणाला खिळलीय, जेवण सोडलंय, लेकीचं नाव घेतेय. मामी म्हणाली रिक्षा करूया. पण जावई सासुरवाडीला भाड्याच्या रिक्षेने गेला तर रेडीचं बंदर हसेल, असं मामाचं म्हणणं. त्याने कुडाळहून नवं कुलूप आणि स्विच आणून ठेवलेच होते. अर्ध्या तासात बसवतो म्हणाला. माझं डोकं तिथेच तापलं.

बरं, हा माणूस देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा उचलत नाही. बॉनेटसमोर नारळ ठेवून सुरू झाला, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेच्या कुलपात जी काय इडापिडा आसात, ती भायर काड रे म्हाराजा." मागे आम्ही, होय म्हाराजा. मामी हातात पिशवी घेऊन, दात आवळून म्हणत होती.

खोटं कशाला बोलू, काम त्याने नीट केलं. आधी बॅटरीची वायर सोडली, स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं. चावी एक घर फिरवून, भोकातून तार खुपसून आतली खिट्टी दाबली तरच ते कुलूप निघतं, आणि चावी तर फिरत नव्हती. कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्यावर ती एकदाची फिरली आणि कुलूप सुळकन मांडीवर आलं. नवं बसलं, स्विचचं सॉकेट लागलं, वायर जोडली. मी टाळी वाजवणार होतो.

पण बाहेर काढलेली इडापिडा घरात कशी ठेवायची? मामाने जुनं कुलूप, जुनी चावी, फोडलेल्या नारळाची शकलं केळीच्या पानात बांधली आणि भर ओहोटीत खाडीत भिरकावली.

मग ऐटीत नवी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी कुडाळच्या गॅरेजला फोन लावला. मेकॅनिक म्हणाला, जुन्या चावीच्या डोक्यात चिप आहे, ती जवळ असल्याशिवाय गाडी चालणार नाही, नुसती नव्या कुलपापाशी धरा. आम्ही तिघांनी खाडीकडे बघितलं. दुसरी चावी मामाने कधीच हरवली होती.

भाच्याने बोलू नये ते सगळं मी बोललो. मामी एवढंच म्हणाली, "तुमची गाडी तुमका लखलाभ. माका आयशीचा तोंड बघूचा आसा." मी तिला माझ्या बाईकवर बसवलं. रेडीपर्यंत तिची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. रेडीच्या आजीने लेकीला ओळखलं. तिच्या हातून दोन घोट पेजही घेतली. जावयाचं विचारलं, तेव्हा मामीने गाडी बिघडलीय एवढंच सांगितलं.

संध्याकाळच्या एसटीने मामा आला. ग्रीसने माखलेला तोच शर्ट. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आजीने मान वळवून विचारलं, "जावय इले? गाडी बरी झाली?"

आता कंपनी निघणार म्हणून मी तोंड सोडायला तयारच होतो.

"नाय आये," मामा म्हणाला. "माझा चुकला."

एवढा बारीक आवाज त्याच्या गळ्यात होता हे मला माहीतच नव्हतं. माझा राग अजून गेलेला नाही. पण मामी, जी त्याच्याकडे बघतही नव्हती, ती आईच्या उशाशी बाकावर बसल्या बसल्या थोडी सरकली, एक माणूस बसेल इतकी.