आईची शिंपल्यांची पेटी

माझ्या भावाला जुनं काही बघवत नाही. घरातली वस्तू जरा झिजली की तो ती उचलतो आणि उल्हासनगरला फर्निचरच्या गल्लीत पॉलिशला टाकतो. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्याने आईची पेटी उचलली. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

बाबा अंबरनाथला कारखान्यात होते. तिथे मशीन बसवायला एक जपानी इंजिनियर आला होता. कँटीनचं जेवण त्याला सोसेना, म्हणून बाबा त्याच्यासाठीही आईच्या हातचं नेऊ लागले. बेताच्या तिखटाची आमटी, भात, तांदळाची भाकरी. परत जायच्या आधी तो हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरी आला. बाबा पुढे उभे असताना थेट आईपाशी गेला आणि वाकून, दोन्ही हातांनी, तिला एक छोटी काळी पेटी दिली. लाकडावर झाडाच्या चिकाचे थर देऊन घोटलेली, आणि झाकणात शिंपल्याच्या पातळ कपच्या बसवून केलेली बगळ्यांची रांग. पेटी हलवली की बगळे हिरवे दिसायचे, मग जांभळे. आईच्या स्वयंपाकासाठी तिला कुणी काही दिलं ते एवढंच. आम्ही फक्त मीठ कमी पडलं की बोलायचो. तिने पेटीत कधी काही ठेवलं नाही. दुपारी कामं आटोपली की उन्हात धरून नुसती बघायची.

भावाने ती पॉलिश पेपरने घासून वर चकचकीत पॉलिश मारून घेतली. एका कोपऱ्यातल्या कपच्या निघाल्या होत्या, म्हणून कारागिराने विचारलं, बाकीच्या ठेवू का. हा म्हणाला, काढून टाक, सगळं एकसारखं दिसू दे. हे त्यानेच मला कौतुकाने सांगितलं. मी आईसमोरच त्याला झापलं. अक्कल गहाण टाकली होतीस का, एका शब्दाने विचारायचं तरी.

"अगं, नवीकोरी करून आणलीये, भंगारात नाही दिली," तो म्हणाला. "तुला काही चांगलं दिसतच नाही."

आईने पेटी खिडकीशी नेली, इकडेतिकडे फिरवली. झाकणात तिचा स्वतःचा चेहरा तेवढा दिसत होता. मला म्हणाली, त्याने हौसेने केलंय, तू गप्प बस. मला तिचाही संताप आला.

मग तिने सुनेला हाक मारली. "ही तुमच्या खोलीत ठेव. आता तुमचीच आहे."

वहिनी तिच्यात स्कूटरच्या किल्ल्या ठेवते. भाऊ आल्यागेल्याला दाखवून सांगतो, आईने खूश होऊन दिली. आई शेजारीच बसलेली असते, आणि हो म्हणते.