राजनंदिनीची गादी

परभणीच्या एका नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहाचं फाटक सुलाबाईनं चौदा वर्षं सांभाळलं, आणि एवढ्या वर्षांत तिनं कुणावर विश्वास टाकल्याचं कुणाला आठवत नाही. पोरीसाठी डबा घेऊन आलेल्या तिच्या सख्ख्या मामाचंही सुलाबाई आधार कार्ड बघायची. दिवाळीला गावी निघालेल्या पोरीची मात्र ती फक्त गादी बघायची. गादी खोलीत राहिली तर पोरगी परत येणार. गुंडाळून नेली तर शिक्षण सुटलं म्हणून समजायचं.

पहिल्या वर्षाला चाळीस जणी यायच्या, तिसऱ्याला पंचवीस उरायच्या. यंदा प्राचार्य प्रमोदिनीबाईंनी बजावलं होतं की एकही पोरगी गळता कामा नये, लक्ष ठेवा. सुलाबाईला तेवढंच हवं होतं.

पोखर्णीची राजनंदिनी रोज संध्याकाळी फाटकाशी यायची. तिच्या वर्गातला सिद्धोधन बाहेरून एक वही आत सरकवायचा, ती जुनी वही परत द्यायची. वह्यांच्या आडून काय चालतं हे आपल्याला कुणी शिकवू नये, असं सुलाबाईचं मत. पोरगा नर्सिंगला आलाच कशाला, इथूनच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. त्याचं आडनाव कळल्यावर संशय अजून पक्का झाला. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

तिनं राजनंदिनीच्या वडिलांना, किशनरावांना फोन लावला. पोराचं आडनावही सांगितलं, काही गरज नसताना.

दुसऱ्या दिवशी किशनराव जीप घेऊन आले. पोरगी रडून सांगत होती, त्यांनी ऐकलं नाही. गादी जीपमध्ये पडली तेव्हा सुलाबाईला कळलं, ही आता परत येत नाही.

संध्याकाळी सिद्धोधन नेहमीसारखा आला. तिनं वही हिसकावून घेतली, पान न् पान चाळलं. हाडांची, औषधांची इंग्रजी नावं आणि पुढं मराठीत अर्थ. चिठ्ठी कुठंच नव्हती.

"मावशी, ती मराठी शाळेतली. इंग्रजीच्या भेवानं श्रावणातच गादी बांधून बसली व्हती," तो म्हणाला. "वह्या देऊ लागलो म्हणून थांबली."

सुलाबाईला स्वतःची लाज वाटली. सकाळच्या गाडीनं तिनं पोखर्णी गाठली. चूक माझी होती, पोरगी सोन्यासारखी आहे, परीक्षा तोंडावर आली, असं सगळं तिनं ओसरीत उभ्यानंच सांगून टाकलं.

किशनराव तिला निरखत राहिले. ती नजर सुलाबाईच्या चांगलीच ओळखीची होती. फाटकावर ती रोज तशीच बघायची.

"परवा म्हणलाव पोरगी हाताबाहेर चालली. आज म्हणायलाव सोन्यासारखी हाय," ते म्हणाले. "तुमाला कोण पाठवलं, खरं सांगा."

कुणीच नाही, असं तिनं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. राजनंदिनी आतल्या दारात उभी होती. पाण्याचा तांब्या द्यायलाही ती पुढं आली नाही. तिच्या मागं भिंतीला गादी टेकलेली, दोरी अजून सोडलेली नव्हती.

सुलाबाईनं ते बघितलं आणि ती पायरीवर बसली.

"गादी घेतल्याबिगर मी जात न्हाई," ती म्हणाली.