इंदूवहिनींचा कैदी

रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर माझे अर्जलेखनाचे टेबल आहे, आणि माझ्या मसुद्यास भल्याभल्या वकिलांनी मान डोलावली आहे. पूर्णगडच्या इंदूवहिनी मात्र टेबलावर छत्रीची मूठ आपटून म्हणत, "लिवा भाऊ. आणि गोड लिवू नका."

त्यांच्या दिराने हद्दीचा दगडी गडगा सरकवून त्यांची दोन हापूसची कलमे गिळली होती. वर त्यांच्याच मीटरवर आकडा टाकून वीज चोरली होती. कोणी तडजोड सुचवली की वहिनींचे उत्तर ठरलेले असे : "दावा मागे घ्यायचा नाय. त्याची झोप उडाली पायजे."

मग त्यांना फिट आली आणि मेंदूत गाठ निघाली. मुंबईच्या इस्पितळात त्यांच्या मुलीसोबत मीही गेलो. असल्या ठिकाणी जाणकार मनुष्य आवश्यक असतो. तेथील डॉक्टरीणबाईंनी समजावले की, अशी गाठ मेंदूच्या निरोगी पेशींना आपले धागे जोडते व त्यांच्यात धावणाऱ्या संदेशांवर पोसली जाते, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे. हा जोड तोडणारी औषधे शोधली जात आहेत.

"म्हणजे मेल्यान माझ्या मीटरवर आकडा टाकलान," वहिनी म्हणाल्या. "मी विचार करायची थांबले तर उपाशी मरेल?"

"नाही मावशी. मेंदू झोपेतही गप्प नसतो."

"मग राग तरी कशाला आवरू?"

शस्त्रक्रियेने गाठ काढली तरी तिचे धागे मागे उरणार होते. काढलेला तुकडा संशोधनासाठी जिवंत ठेवण्यास बाईंनी परवानगी मागितली. अतिक्रमणाचे अर्ज लिहून सरावलेल्या माझ्या हाताने लगेच मजकूर उतरवला : "सबब, सदर गाठ हटवून तिची विल्हेवाट लावण्यात यावी." तो मी वाचून दाखवला.

"खोडा ता," वहिनी म्हणाल्या. "जाळलात की सुटला. काचेत जिवंत ठेवा. रोज नवा औषध पाजा. कशान तडफडतो ता बघा."

"तुम्हाला स्वतःला याचा फायदा कदाचित होणार नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"माझा फायदा कोण मागतोय, बाय? त्याचा तोटा झाला पायजे."

कलमांना मोहोर असतानाच वहिनी गेल्या. दिवसकार्य आटोपताच दीर माझ्या टेबलाशी आला. चेहरा रीतसर उतरलेला होता. "काय हो भाऊ, आता दावा मिटला ना?"

"मुलगी वारस म्हणून उभी आहे," मी सांगितले. "अर्ज मीच लिहिला आहे. गोड लिहिलेला नाही."

तो गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. गाठीच्या पेशी काचेत जिवंत होत्या. एका औषधाने वाढ मंदावली, थांबली नाही; आता बाई दुसरे देऊन पाहणार होत्या.

"सोडू नका त्याला," मी म्हणालो. "माझ्या अशिलाची तशी सूचना आहे."