फळ्यावरचा पांढरा बिल्ला

जानेवारीतल्या एका शनिवारी चेन्नई बंदराला लागलेल्या एका छोट्या सफरी जहाजावरून एक प्रवासी उतरलाच नाही. वय चौऱ्याहत्तर, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त, राहणार वेस्ट मांबलम. जहाजाच्या नोंदीप्रमाणे ते त्या सकाळी जहाजावर परत आले होते. जहाजावर ते नव्हते.

मी तेव्हा बंदराजवळच्या पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. नोकरीतली बरीच प्रकरणं आठवण्यासाठी जुनी टिपणं काढावी लागतात. या प्रकरणासाठी लागत नाहीत. कोणाचं नाव देत नाही, जहाजाचंही नाही.

खबर जहाजाच्या स्थानिक एजंटाने फोनवर दिली. स्टेशन डायरीत ती त्याच्याच शब्दांत आहे : ‘एक प्रवासी कमी आहे. बहुधा पाण्यात गेला असावा.’ तटरक्षक दलाला त्याने आधीच कळवलं होतं. त्यांची बोट निघाली होती आणि पळवेर्काडू ते चेन्नई या सागरी पट्ट्यात शोध सुरू झाला होता.

पळवेर्काडू म्हणजे नकाशावरचं पुलिकत सरोवर. चेन्नईच्या उत्तरेला समुद्र आणि खाऱ्या पाण्याचं हे विस्तीर्ण तळं यांच्यामध्ये वाळूची एक लांब पट्टी आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. अंदमानच्या निर्मनुष्य बेटांची सफर करून आलेलं हे जहाज शेवटच्या दिवशी पहाटे तिथे समुद्रात थांबलं होतं. प्रवासी रबरी बोटींतून वाळूच्या पट्टीवर गेले, पक्षी पाहून परतले आणि जहाज बंदराकडे निघालं.

मी जहाजावर पोहोचलो तेव्हा बाकीचे प्रवासी उतरून गेले होते. असं जहाज मी पहिल्यांदाच आतून पाहत होतो. प्रवासी शंभराच्या आत, प्रत्येक खोलीला स्वतःचा सज्जा, जेवणाच्या दालनात पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. आणि त्याच जहाजाच्या तळमजल्यावर चिखलाचे बूट धुण्याची न्हाणी. एका बेटावरचं बी दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून प्रत्येकाने परत आल्यावर बूट घासून आपल्या क्रमांकाच्या खुंटीवर लावायचे, असा नियम होता. न्हाणीच्या दाराशी एक लाकडी फळा होता. त्यावर प्रत्येक प्रवाशाच्या क्रमांकाचा बिल्ला, एक बाजू लाल, दुसरी पांढरी. बोटीत बसताना बिल्ला लाल करायचा, परत आल्यावर पांढरा. कोण बाहेर आहे आणि कोण आत, ते या फळ्यावरून कळे.

बेपत्ता प्रवाशाचा बिल्ला पांढरा होता. त्यांची बुटांची खुंटी रिकामी होती.

कप्तानाने याचा अर्थ लावून ठेवला होता. “ते परत आले. बूट न काढता वर गेले. आणि मग...” त्याने हाताने कठड्याकडे खूण केली. एजंट हळूच म्हणाला, “सर, ते उदास वगैरे होते का, हेही विचारायला हवं.”

वाळूवरचा मार्गदर्शक रत्नागिरीकडचा, सागरी जीवशास्त्र शिकलेला तरुण होता. माझ्या छातीवरच्या पाटीवरचं नाव वाचून तो मराठीत बोलला.

“साहेब, तुम्ही आपल्याकडचे?”

“तंजावरचा. आम्हाला इथे येऊन काही पिढ्या झाल्या. शेवटची बोट सोडताना वाळूवर पाहिलंस?”

“पाहिलं. सुरूच्या झाडांपर्यंत कोणी नव्हतं. वायरलेसवर जहाजाला विचारलं, फळा काय सांगतो? म्हणाले, तुमच्या बोटीतले सोडून सगळे पांढरे. मग निघालो.”

“माणसं मोजत नाही?”

“बोटी सारख्या ये-जा करतात, साहेब. ज्याला जेव्हा परतायचं तेव्हा तो परततो. म्हणून तर फळा.” मग तो म्हणाला, “आजोबा रोज माझ्या शेजारी बसून पक्ष्यांच्या गोष्टी विचारायचे. मला शिक्षा झाली तर होऊ दे. पण ते कुठे आहेत?”

खोटं बोलणारा माणूस न विचारलेले तपशील पुरवतो. याने एकही पुरवला नाही. तरी त्याला ठाण्यात बसवून ठेवावं लागलं, कारण त्या माणसाला शेवटचं पाहणाऱ्यांत तो होता.

बेपत्ता प्रवाशाची पत्नी ठाण्यातच होती. सोबत पेरुंगुडीच्या एका कंपनीत काम करणारा मुलगा. ही सफर त्यानेच आईवडिलांना भेट दिली होती. वडील बरीच वर्षं रोज सकाळी दुर्बीण घेऊन अड्यारच्या खाडीवर पक्षी पाहायला जात. मुलगा आईशी तमिळमध्ये बोलत होता, फोनवर इंग्रजीत. बाई मधूनमधून स्वतःशी पुटपुटत होत्या, ती मराठी होती. माझी आजी बोलायची तशी. मी त्यांना मावशी म्हणून हाक मारली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांची बोली इथे वाचकांसाठी थोडी सोपी करून देतो.

“मावशी, ते उदास होते का?”

“उदास? काल रात्री जेवताना त्या काळ्या चोचीच्या बगळ्यावर इतकं बोलले की वाढपी ताट घेऊन उभाच राहिला.”

“कंपनी म्हणते, पाण्यात गेले असतील.”

“अय्यो. कावेरीत गुडघ्यापुढे न उतरणारा माणूस तो. काठावर बसून लोट्याने न्हायचा. आणि तो समुद्रात उडी टाकणार?” मग मुलाकडे पाहून, “मी म्हटलं होतं, रामेश्वरला जाऊ. ओसाड बेटं पाहायला कोण जातं? म्हणाले, रामेश्वरला रोहित नाहीत.”

“सकाळी दोघं एकत्र परतलात?”

“माझे गुडघे दुखत होते. मी पहिल्या बोटीने आले. ते म्हणाले, मागून येतो. मी मळमळीची गोळी घेतली आणि झोपले. उठले तर बंदर आलेलं.”

“ते परत आल्याचं पाहिलंत?”

“पाहिलं नाही. पण फळा सांगतो म्हणाले ना. आले असतील.”

मुलगा वैतागला. “सर, हेच चौथ्यांदा विचारताय. तिकडे शोध चाललाय, इथे हे. त्यांना मधुमेह आहे. गोळ्या आईकडे आहेत, पाणीसुद्धा.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. दुपार चढत होती. ते समुद्रात असतील तर फार आशा नव्हती. जमिनीवर असतील तर होती, पण जमिनीवर कोणी शोधतच नव्हतं, कारण नोंद त्यांना जहाजावर दाखवत होती. दोन्हीकडे पुरतील इतकी माणसं आणि बोटी कोणाकडेच नव्हत्या.

त्याच वेळी आमच्या महिला हेड कॉन्स्टेबल हरवल्याच्या तक्रारीचे कागद घेऊन आल्या. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, “अम्मा, तक्रारदार तुम्ही. तुमचं आधार कार्ड द्या.”

बाईंनी पर्स उघडली आणि दोन कार्डं टेबलावर ठेवली.

“एकच पुरे, अम्मा. तुमचं.”

“त्यांचंही असू द्या,” त्या म्हणाल्या. मग पर्समधून नवऱ्याचा वाचायचा चष्मा, गोळ्यांची डबी आणि फोन निघाला. तिन्हींसाठी वेगळे कप्पे होते.

मी विचारण्याची पद्धत बदलली. तोपर्यंत मी त्यांना ‘आज काय झालं’ असं विचारत होतो. आता ‘रोज कसं असतं’ असं विचारलं. सवयीने केलेलं काम माणसाला आठवत नाही. ते आठव म्हटलं तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो.

“मावशी, जहाजावर रोज काय काय असायचं? बोटीत बसताना घालायचं त्यांचं लाइफ जॅकेट?”

“बक्कल मीच लावायची, मीच काढायची. त्यांना ते जमत नाही.”

“बूट?”

“ते त्यांचे तेच घासत. मला वाकता येत नाही.”

“आणि बिल्ले?”

“ते मी. त्यांना ठाऊक नसतं. देवळात अर्चना दोघांच्या नावाने करते, गाडीत तिकीट दोघांचं दाखवते. तसंच...”

त्यांचा हात पर्सवरच राहिला.

“अम्मा?” मुलगा म्हणाला.

“दोन्ही फिरवले,” त्या म्हणाल्या. “माझा फिरवला, मग त्यांचा. रोजच्यासारखा.”

हद्द आमची नव्हती. मी पळवेर्काडूच्या ठाण्याला वायरलेसवर संदेश दिला आणि तटरक्षक दलाला फोन लावला. पलीकडचा अधिकारी म्हणाला, “इन्स्पेक्टर, नोंद तर तो जहाजावर आला असं सांगते.”

“नोंद चुकीची आहे. बिल्ला त्यांच्या पत्नीने फिरवला. ते वाळूवरून निघालेच नाहीत.”

“खात्री?”

“पत्नी समोर बसलीय. आणि अंगावर जहाजाचं नारिंगी लाइफ जॅकेट असणार. ते त्यांना स्वतःला काढता येत नाही.”

एवढं त्याला पुरलं. पळवेर्काडूच्या पोलिसांनी मासेमारांच्या वस्तीतून चार होड्या काढल्या. मार्गदर्शकाला मी जीपने पुढे पाठवलं, कारण रोहित सकाळी कुठे बसले होते हे त्याला माहीत होतं. बाई आणि मुलगा माझ्यासोबत. वाटेत मुलगा एकदाच बोलला. “अम्मा, तू कशाला फिरवायचास त्यांचा?” बाईंनी गोळ्यांची डबी उघडून बंद केली.

ते समुद्राच्या बाजूला नव्हतेच. सुरूच्या झाडांपलीकडे, तळ्याच्या बाजूला, पक्ष्यांच्या जवळ जाता जाता ते चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले होते. पाय मुरगळला होता. वाळूवरून ते दिसत नव्हते. जहाजाचा भोंगा ऐकल्याचं त्यांनी नंतर सांगितलं. हाका मारल्या, पण वारा उलटा होता. एका होडीवाल्याला नारिंगी ठिपका दिसला. दिवस मावळायला अजून अवकाश होता.

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा ते शुद्धीवर होते. ओठ फुटलेले, बोलणं अडखळत. सकाळपासून उपाशी होते म्हणून बाईंनी आधी साखर त्यांच्या तोंडात घातली, मग बक्कल काढलं.

“शंभरएक होते,” ते म्हणाले. “अगदी जवळ.”

“गप्प राहा,” बाई म्हणाल्या.

ते आठवडाभर रुग्णालयात होते. तिथेच मी त्यांचा जबाब घेतला. मुलगा होता, कंपनीचा वकील होता, बाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. वकिलाला एकच गोष्ट हवी होती : बिल्ला कोणी फिरवला. कप्तान आणि मार्गदर्शक या दोघांची चौकशी त्यावर अवलंबून होती.

बाईंचा जबाब आधीच झाला होता. मी तो वाचून दाखवला. ‘बिल्ला मी माझ्या मनाने, रोजच्या सवयीने फिरवला. पतीने तसं सांगितलं नव्हतं.’

वकिलाने मान डोलावली. मुलगा खिडकीबाहेर पाहत होता.

“माझं लिहा,” ते पलंगावरून म्हणाले. “मी सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतं?”

“वाळूवर. बोटीत चढताना. माझाही फिरव, मी मागोमाग येतो, असं.”

“नंतर फोनवर सांगितलं म्हणावं, तर तुमचा फोन मावशींकडेच होता. आणि वाळूवर सांगितलेलं त्यांना आठवत नाही.”

“तिला बोटीच्या आवाजात ऐकू आलं नसेल. मला आठवतं. लिहा.”

बाई म्हणाल्या, “अहो...”

“तू गप्प राहा,” ते म्हणाले.

मी लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. त्यांनी खिसा चाचपला. पेन बाईंनी पर्समधून काढून दिलं.

मार्गदर्शकावर गुन्हा दाखल झाला नाही. दोन्ही जबाब फायलीत एकापाठोपाठ लावलेले आहेत.