हमदुल्ला तांडेलांचा उघडा हुकूम

हमदुल्ला तांडेल मूळचे दाभोळचे. घर खाडीच्या तोंडाशी, त्यामुळे चालायला शिकण्याआधी आपण होडीत बसलो असे ते सांगत. माझी त्यांची ओळख झाली १९६६ च्या हिवाळ्यात. दुबईपासून थोड्या अंतरावर, किनाऱ्यालगत एका तेल कंपनीचा तळ होता. तिथे मी स्टोअर्सच्या हिशेबाला होतो. अमिरात हे नाव तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हते. समुद्रात विहीर खणणाऱ्या लोखंडी मचाणाला सगळे रिग म्हणत. तळावरून रिगवर माणसे, पाणी आणि भाजीपाला नेणारी लाँच तांडेलांच्या ताब्यात होती. सुकाणू त्यांच्या हाती आणि हाताखाली पाच खलाशी, सगळे रत्नागिरी-कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे, आमच्याच कोकणी मुसलमान समाजातले.

लाँचवर एक शिस्त होती. तांडेलांनी हुकूम दिला की तो प्रत्येकाने मोठ्याने परत म्हणायचा. "दोर सोड" म्हटले की पाच गळ्यांतून "दोर सोड, तांडेल" असे उत्तर आलेच पाहिजे. वाऱ्यात शब्द उडून जातात, म्हणून ही पद्धत. तिचा दुसरा भाग तांडेल स्वतःपुरता पाळत: तोंडाने जे सांगितले, तसेच सुकाणू फिरवायचे.

त्या हिवाळ्यात त्यांची पन्नाशी उलटली होती. उजवा गुडघा थंडीत आखडत असे. तशात बातमी आली की बहारीनहून दोन इंजिनांची नवी वेगवान लाँच येणार. आमचे मरीन सुपरिंटेंडंट हॅडलीसाहेब हे उंच, मोकळ्या स्वभावाचे अमेरिकन. नवी लाँच जहूरला द्यावी आणि तांडेलांना जेट्टीवर वॉचमनची खुर्ची द्यावी, असे त्यांच्या मनात होते. जहूर हा खलाशांतला सर्वांत तयार गडी, वय अठ्ठावीस. बातमी कळल्यापासून तो तांडेलांसमोर मान वर करत नव्हता.

"मान वर कर," एकदा तांडेल त्याला म्हणाले. "तू काही मागायला गेला नव्हतास. पण मीही खुर्चीवर बसणार नाही, हे ध्यानात ठेव."

आता त्या खेळाबद्दल सांगायला हवे. अमेरिकन लोकांचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू नारळासारखा लांबट, आणि तो हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे. तळावर तो सौम्य करून खेळत. चेंडूवाल्याच्या पाठीला दोन्ही हात लागले की डाव थांबला. चार प्रयत्नांत ठरलेले अंतर काटता आले नाही तर चेंडू समोरच्यांना. चेंडू घेऊन समोरच्यांची शेवटची रेघ ओलांडली की गुण. प्रत्येक डाव ज्याच्या हातातून सुरू होतो, तो क्वार्टरबॅक.

हॅडलीसाहेब आणि रिगवरचे ड्रिलर कॉर्बेट हे दोघे वेगवेगळ्या कॉलेजांचे. लाँचमध्ये बसले की दोघांचा वाद सुरू. हॅडलीसाहेबांच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक आपल्या माणसांच्या आडोशाला मागे उभा राही, मैदान न्याहाळी आणि दूर पळणाऱ्या गड्याकडे चेंडू फेकी. कोण कुठे पळणार हे आधी ठरलेले असे. कॉर्बेटच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक उभा राहतच नसे. तो चेंडू घेऊन कडेने धावे, मागे एक साथीदार. समोरचा रक्षक त्याच्यावर आला तर चेंडू साथीदाराला, साथीदाराकडे वळला तर हा स्वतःच पुढे. चेंडू कोण नेणार हे त्यालाही शेवटच्या क्षणापर्यंत ठाऊक नसे.

"तुझा माणूस जुगारी आहे," हॅडलीसाहेब म्हणत.

"आणि तुझा पुतळा," कॉर्बेट म्हणत.

सुकाणूवर उभे असलेले तांडेल सगळे ऐकत. त्यांना इंग्रजी जेमतेम येत असे, पण साहेबलोक टेबलावर चहाचे पेले सरकवून डाव दाखवत, ते बघून त्यांना उलगडत गेले. त्यांची पसंती फेकणाऱ्याला होती. गुडघ्याला तोच सोयीचा, असे ते हसून म्हणत. हिवाळाभर खलाशीही रिकाम्या वेळी जेट्टीजवळ जुना चेंडू फेकत असत.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी शमाल सुटला. त्या उत्तरेच्या वाऱ्यामुळे खेळायला येणारा रिगचा संघ किनाऱ्यावर येऊ शकला नाही, लाँचही बांधून ठेवली होती. हॅडलीसाहेबांचा सहा जणांचा संघ तयार, पण खेळायचे कोणाशी? त्यांनी तांडेलांना विचारले.

"खेळू," तांडेल म्हणाले.

"तुम? तुम्हारा घुटना तो खलास है," साहेब आपल्या हिंदीत म्हणाले. सगळे हसले. साहेबांना अजून चेव आला. "एक बार, सिर्फ एक बार तुम लोग लाइन के पार गया, तो नया लाँच तुम्हारा. नहीं गया, तो कुर्सी."

तांडेल हसले नाहीत. "साहेब, जबान?"

साहेबांनी इकडे तिकडे पाहिले. आता हसण्यावारी नेता येईना. "जबान," ते म्हणाले आणि हात पुढे केला. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजाची वेळ होईपर्यंत खेळायचे ठरले.

तळामागे मिठाने कडक झालेली सपाट जमीन होती. तिच्यावर चुन्याने रेघा आखल्या होत्या. आमच्या बाजूने तांडेल मागे उभे, फेकायला तयार. पहिला डाव सांगायला ते गोलात वाकले आणि हळूच म्हणाले, "खैरुद्दीन, डावीकडे लांब."

पाच गळे एकदम गरजले, "खैरुद्दीन, डावीकडे लांब, तांडेल!"

साहेबांच्या बाजूला वायरलेस ऑपरेटर युसुफ खेळत होता. तो रत्नागिरीचाच. त्याला वेगळे काही ऐकावेही लागले नाही. तो शांतपणे चालत डावीकडे गेला, खैरुद्दीनपुढे उभा राहिला आणि आलेला चेंडू त्याने अलगद झेलला.

"शुक्रिया, चाचा!" तो ओरडला.

पुढच्या वेळी तांडेलांनी ओठांवर बोट ठेवून डाव सांगितला. तिघे गप्प राहिले, दोघांच्या तोंडून हुकूम निघालाच. वर्षानुवर्षांची जिभेची सवय. ज्यांनी तो गिळला तेही गोंधळले, एक जण तर जागचा हललाच नाही. साहेबांचा संघ दोनदा रेघ ओलांडून गेला. आमचे खलाशी मधल्या रेघेपुढे सरकले नव्हते.

पाणी प्यायला थांबले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. मी घागरीपाशी उभा होतो, म्हणून पुढचे सगळे ऐकले.

"चाचा, सोपं आहे," जहूर म्हणाला. "तुम्ही डावीकडे सांगा, आम्ही डावीकडे ओरडतो, आणि तुम्ही फेका उजवीकडे. युसुफ बसेल वाळू खात."

"आणि उद्या रिगच्या वाटेवर खडकापाशी मी डावीकडे म्हटलं तर?" तांडेल म्हणाले. "तुम्ही म्हणाल, म्हातारा आज खरं सांगतोय की शुक्रवारसारखं?"

खैरुद्दीनने डोक्यावरचा रुमाल सोडून पिळला. "मग खुर्ची घ्या, चाचा. मी उशी शिवून देतो."

"उशी तुझ्या सासऱ्याला दे." तांडेलांनी गुडघ्यावर पट्टी आवळली. "ऐका. हुकूम मोठ्यानेच म्हणायचा. पण एकच हुकूम. 'सुकाणू माझ्या हाती, नजर माझ्यावर.' मी उजव्या कडेने धावणार. जहूर माझ्या मागे, बाहेरच्या अंगाला. समोरचा माझ्यावर आला तर चेंडू जहूरला. जहूरवर गेला तर मी पुढे."

"म्हणजे ठरलं काय?" खैरुद्दीनने विचारले.

"काहीच नाही. मग युसुफने ऐकून तरी काय करायचं?"

"चाचा, पण यात धावायचं तुम्हाला आहे," जहूर म्हणाला. "गुडघा?"

"गुडघा माझा आहे. यल्ला, चला."

पाच गळ्यांनी हुकूम परत म्हटला. युसुफने तो ऐकला, समजला आणि मग साहेबांकडे हताशपणे पाहिले. "साहेब, बोलते हैं, देखके करेंगे."

तांडेल धावले. धावणे कसले, एका पायावर जोर देत लंगडतच. कडेचे रक्षण खुद्द हॅडलीसाहेब करत होते. म्हातारा स्वतः पुढे जाणार नाही, असे धरून ते जहूरकडे वळले. तांडेल सरळ पुढे निघून गेले. पुढच्या प्रयत्नाला साहेब तांडेलांवर आले, तेव्हा चेंडू जहूरकडे गेला आणि तो बराच आत शिरला. प्रत्येक वेळी तोच हुकूम, तितक्याच मोठ्याने. प्रत्येक वेळी तांडेलांचा चेहरा जास्त पांढरा पडत होता. एकदा जहूर म्हणाला, "चाचा, थोडं थांबू या." त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

रेघ दहा पावलांवर आली तेव्हा मशिदीकडे जाणारी माणसे दिसू लागली होती. हा शेवटचा प्रयत्न. हुकूम झाला, हुकूम परत आला. तांडेल कडेने निघाले. या वेळी साहेब शहाणे झाले होते. ते दोघांच्या मधे, हात पसरून, मागे मागे सरकत राहिले. कोणावरच झेपावेनात. तांडेलांनी चेंडू छातीशी धरला आणि ते नेमके साहेबांच्या अंगावरच चालून गेले. मला वाटले, आता हात लागणार. साहेब हलत नव्हते, तांडेल चेंडू सोडत नव्हते. शेवटी साहेबांनीच झेप घेतली. त्यांचे हात पाठीला लागणार तेवढ्यात चेंडू बाजूला सुटला. दोघे एकमेकांवर आदळून मिठात पडले, आणि जहूर रेघेपलीकडे उभा होता.

साहेबांनी उठून तांडेलांना हात दिला. "कॉर्बेट को मत बताना," ते म्हणाले. "नया लाँच तुम्हारा."

पंधरवड्याने नवी लाँच आली. जेट्टीवरची खुर्ची रिकामीच राहिली. पहिल्या फेरीला मालाची यादी घेऊन मीही बरोबर होतो. खडकांच्या वळणापर्यंत तांडेलांनी कोणाला सुकाणूजवळ येऊ दिले नाही. जहूर मागे, हाताच्या अंतरावर उभा होता. वळण आले. दोन्ही इंजिने घुमत होती, खडक डाव्या अंगाला स्पष्ट दिसू लागले. तरी तांडेल सुकाणू सोडेनात. अगदी वळणाच्या तोंडाशी ते बाजूला झाले.

"धर."

"धरलं, तांडेल," जहूर मोठ्याने म्हणाला.